खंडेनवमीची लाल मोटार

भाद्रपद शुद्ध १०, शके १८५६
मुक्काम युसूफ वडगाव

गौरी गेल्या. घरभर अजून पुरणाचा वास आहे आणि माझ्या अंगाला पेट्रोलचा, म्हणून मोठ्या बाईंनी आजही मला पंगतीच्या टोकाला बसवलं. बसवोत. बहिणीच्या सासरी राहून खाणाऱ्याने पाटाची जागा बघू नये.

पण आज माझा भाव वधारला. दाजींनी ओसरीवर सगळ्यांदेखत सांगितलं, "मोहनराव, आजपासून मोटार तुमच्या हवाली. तुमच्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई. मीबी तुमाला इचारूनच बसणार." दाजी म्हणजे सुंदरराव देशमुख, माझ्या थोरल्या बहिणीचे, सावित्रीआक्काचे यजमान. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या आई, वच्छलाबाई. मोटार दाजींनी बोलारमच्या छावणीतल्या एका साहेबाकडून घेतली. साहेब विलायतेला परत निघाला होता. लाल रंगाची, टप नसलेली, जेमतेम दोन माणसं बसतील अशी शर्यतीची इंग्लिश गाडी. दहा वर्षांची जुनी आहे, पण चेहरा अजून तरतरीत. मी सिकंदराबादेत एका मोटारवाल्याकडे काम शिकलो आणि त्याच्याशीच भांडून परत आलो, त्यामुळे या पंचक्रोशीत तिची नाडी कळणारा मी एकटाच.

खरी गोष्ट पुढे आहे. आक्काला आठवा महिना लागलाय. आधीची दोन गेली. एक उपजतच, दुसरं बारशाच्या आधी. या खेपेला सुईणीच्या भरवशावर राहायचं नाही असं दाजींनी ठरवलंय. मोमिनाबादच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहे. दसऱ्याला, चांगल्या मुहूर्तावर, मोटारीने आक्काला तिथे न्यायचं आणि दवाखान्याशेजारी बिऱ्हाड करून ठेवायचं. दमणीने गेलं तर बैलांना दिवसभर लागतो. मोटारीने दीड तास.

"म्हंजी तुमच्या आक्काचं बाळंतपण तुमच्याच हातात बगा," दाजी हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, आणि मला जेवायला, बोलायला, भांडायला आक्कानेच शिकवलं. म्हणून ही वही घातली. जे जे करीन ते लिहून ठेवणार.

भाद्रपद शुद्ध १३

रहीम बीडहून आला. हा तिथल्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवरचा मिस्त्री, माझा सिकंदराबादेपासूनचा दोस्त. त्याने ऐटीत पिशवी सोडली आणि नट फिरवायचे पाने एकेक लावून पाहिले. एकही बसेना. त्याची सर्व्हिस मोटार अमेरिकन, आमची इंग्लिश. दोघींच्या नटांचं माप निराळं.

"तुजी मेमसाब लई नखऱ्याची हाय बे," तो म्हणाला. "परक्याचा हात लावून घेत न्हाई."

साहेबाने गाडीबरोबर कातडी गुंडाळीत पान्यांचा एक संच दिलाय. बीडपासून मोमिनाबादपर्यंत या गाडीला चालेल असा तेवढा एकच. मला त्याचं बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. दोघांनी मिळून व्हॉल्व्ह घासले, ब्रेकच्या तारांना चरबी लावली. आक्काने रहीमला भाकरी आणि खर्डा दिला. तो तिला "बाजी", म्हणजे ताई, म्हणतो. ती त्याला विचारत होती, "आमच्या मोहन्याला खरंच येतं का रे काई, का नुसताच काळा होऊन बसतो?"

भाद्रपद वद्य २

दाजींना घेऊन चौसाळ्यापर्यंत जाऊन आलो. पितृपक्षात कशाला हौस, असं मोठ्या बाई म्हणत होत्या, पण दाजी कुठले ऐकतात. सडकेवर माणसं थांबून बघत होती. चढावर गाडीने जो दम दाखवला तो पाहून दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. आक्काच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिलीच.

परत आलो तर दगडाबाई सुईण ओसरीवर बसलेली. तिला ही मोटार बघवत नाही. "बसाया कटीण हाय," म्हणाली. गाडीच्या स्प्रिंगा कडक आहेत हे खरं. शर्यतीची गाडी आहे, पाळणा नव्हे. पण तिला काय सांगायचं.

भाद्रपद वद्य ६

इंजिनाच्या तेलाचे डबे हैदराबादेहून यायचे होते, आले नाहीत. सर्व्हिस मोटारीचा प्रत्येक फेरा बघतोय. जुनं तेल खाली गेलंय. अशी गाडी पळवणं म्हणजे बैलाला पाण्याशिवाय औताला जुंपणं.

मग आठवलं. सिकंदराबादेत साहेबलोक शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल घालायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. कितीही तापलं तरी ते पातळ होत नाही. आणि एरंडेलाला इथे काय तोटा. धुळाजी तेल्याच्या घाण्यावर स्वतः उभा राहून काढून घेतलं, दोनदा फडक्यातून गाळलं. इंजिनात जुनं तेल अर्धंअधिक होतं. ते काढून टाकायला जीव होईना, म्हणून वरून एरंडेल भरलं. चालू केली तर आवाज आधीपेक्षा मऊ. मी स्वतःवर खूश आहे.

भाद्रपद वद्य १०

मोटार गेली की मागे एरंडेलाच्या धुराचा वास राहतो. देशमुखाच्या मोटारीला जुलाब लागलेत, असं सगळं गाव म्हणतंय. आक्का तर हसून हसून पोट धरून बसली, आणि मग म्हणाली, "नगं हसवू रे, आत लागतं."

संध्याकाळी दगडाबाईने तिचं पोट चाचपलं आणि बाहेर येऊन मोठ्या बाईंना सांगितलं, "बाई, मूल आडवं हाय. फिरंलबी, न्हाईबी. मला इचाराल तर आत्ताच न्या. दमणीत गादी टाका, हळूहळू न्या, वाटंत एक मुक्काम करा. पर न्या."

मोठ्या बाई विचारात पडल्या. पितृपक्ष आहे, पण जिवाला कसला पितृपक्ष, असं त्याच म्हणाल्या. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, दसऱ्याला पंधराच दिवस राहिलेत. दमणीच्या धक्क्यांनी भलतंच काही झालं तर? मोटार तयार आहे, मी आहे. दाजींना ते पटलं. दगडाबाई कमरेला पदर खोचून निघून गेली. तिचा धंदा बुडतोय, म्हणून तोंड वाकडं, दुसरं काय.

अश्विन शुद्ध १

घट बसले. आता घट उठेपर्यंत घरची सून वेशीबाहेर जायची नाही, दसऱ्यालाच निघायचं. मला ते सोयीचंच पडलं. कारण आज केजच्या सडकेवर इंजिन फार तापलं. पाणी पुरेसं होतं. कारण कळलं नाही.

अश्विन शुद्ध ४

आतून ठोका येतोय. खट, खट, खट. इंजिनाखालचं तेलाचं भांडं, ज्याला आम्ही चेंबर म्हणतो, ते सोडवलं. आत डिंक. दुसरा शब्द नाही. तपकिरी, चिकट, बोटाला ओढलं की तार यावी असा. तेलाची जाळी भरून गेलेली, नळ्या तुंबलेल्या. एका बेअरिंगवर चरे उठलेत.

धुळाजी तेल्याने करडई मिसळली असणार. त्याच्या घाण्यावर जाऊन चार माणसांत त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हातारा घाण्याच्या बैलाला हात लावून शपथ घेऊ लागला.

अश्विन शुद्ध ५

झोप आली नाही, म्हणून पहाटे एका बाटलीत थोडं एरंडेल आणि थोडं साहेबाने दिलेल्या डब्याच्या तळाशी राहिलेलं तेल घालून खळाखळा हलवलं. दुधासारखं झालं. ठेवून दिलं. दुपारी बघतो तो दोन तेलं वेगळी, एकावर एक, आणि मधोमध एक घाण साय.

धुळाजीची काही चूक नव्हती. दोन तेलं एकमेकांत मिसळतच नाहीत. साहेबलोक एरंडेल घालायचे तेव्हा आधी सगळं इंजिन धुऊन घेत असतील. ते माझ्या बघण्यात आलं नव्हतं, किंवा मी बघितलं नव्हतं. बाटली उकिरड्यावर फेकली. धुळाजीकडे जाऊन काही बोलायचं धैर्य झालं नाही.

अश्विन शुद्ध ७

रहीमला बोलावून घेतलं. दोन दिवस दोघे घासलेटात हात बुडवून नळ्या साफ करतोय. बेअरिंग घासून बसवायला वेळ लागणार, ते काम घाईचं नाही. त्याला बाटलीची गोष्ट सांगितली.

"देशमुखाला बोलून टाक," तो म्हणाला. "गाडी खुली पडली हाय म्हनावं. दुसरा बंदोबस्त करा म्हनावं."

मी म्हणालो, दसऱ्याला सकाळी तयार असेल, मग कशाला बोंबाबोंब. तेवढ्यात दाजीच आले. आम्ही गाडीवर गोणपाट टाकलं होतं, खालचं काही दिसत नव्हतं. "तयार हाय ना मोहनराव?" "तयारच आहे, दाजी. पुसापुशी चाललीय." त्यांनी गोणपाटावरून बॉनेटवर हात फिरवला आणि गेले. रहीमने माझ्याकडे बघितलं नाही. तो उद्या बीडला परत जातोय, सर्व्हिस मोटार त्याच्याशिवाय अडली आहे.

अश्विन शुद्ध ८

सगळ्या नळ्या साफ झाल्या. बेअरिंग घासायचं राहिलंय आणि चेंबर चढवायचं. रात्र जागलो असतो तर झालं असतं. पण दिवेलागणीला मोठ्या बाईंनी निरोप पाठवला की उद्या खंडेनवमी, हत्यारं पूजेला द्या. तलवार, कोयते, नांगराचे फाळ, सगळं देवघरात मांडून झालं होतं. मोटारीची हत्यारंही पाहिजेत, म्हणाल्या. इतक्या कौतुकाने मागितली त्यांनी. नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागलं असतं. कातडी गुंडाळी धुऊन पुसून दिली. आता ती दसऱ्याच्या सकाळी पूजा उठल्यावरच हाती येणार. येऊ दे. निघायचा मुहूर्त तिसऱ्या प्रहरचा आहे. सकाळी जीव तोडून काम केलं तर दुपारपर्यंत होईल आणि कुणाला कळणारही नाही.

चेंबर माझ्या खोलीत बाजेखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. आक्का दूध घेऊन आली होती. तिने पायाने गोणपाट सरकवलं.

"हे काय रे?"

"जुना भाग आहे. बदलला."

तिने वाकता येत नाही तरी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग "बरं," म्हणाली आणि दूध ठेवून गेली.

अश्विन शुद्ध ९, सकाळी

मोटारीची पूजा झाली. दाजींनी स्वतः बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गावातली माणसं पाया पडून गेली. मी बाजूला हात जोडून उभा होतो. तिच्या पोटात काही नाही हे मला एकट्याला ठाऊक. उद्या दुपारपर्यंत सगळं ठीक होईल.

अश्विन शुद्ध १३

तीन दिवस वही उघडली नाही. आज लिहितो. सगळं लिहीन असं पहिल्या दिवशी म्हटलं होतं.

नवमीला जेवणं झाली आणि आक्काला कळा सुरू झाल्या. दगडाबाई आत गेली ती लगेच बाहेर आली. तिचा चेहरा बघून दाजी उठलेच. "आडवंच हाय," ती म्हणाली. "माज्या हातचं काम न्हाई. आताच्या आता मोमिनाबाद गाठा, तर काई हुईल."

गाडीवान दमणी जुंपायला धावला. दाजी म्हणाले, "दमणी कशाला? मोहनराव, मोटार काढा."

मी म्हणालो, "दाजी, आज खंडेनवमी. हत्यारं पूजेत आहेत. आज मोटार हलवायची म्हणजे..."

ओसरीवरचे सगळे मोठ्या बाईंकडे बघू लागले. मला वाटलं, आता मोठ्या बाईच नको म्हणतील, दमणी निघेल आणि मी सुटेन. त्या उठल्या, अनवाणी देवघरात गेल्या. फुलं बाजूला सारल्याचा आवाज आला. गुंडाळी दोन्ही हातांत घेऊन त्या बाहेर आल्या.

"देवीला मी तोंड दीन," त्या म्हणाल्या. "माजी सून हाय. घे हे, आन् काड तुजी मोटार."

तेव्हाच आतून आक्काने हाक मारली. "मला दमणीनंच न्या. मोटार नगं." दाजी दाराशी गेले, समजावू लागले. ती पुन्हा म्हणाली, "आवो, ऐका माजं. दमणीनं न्या. मोटारीत मला गरगरतं." पुढे कळ आली म्हणून ती थांबली, आणि कळ गेल्यावर पुन्हा तेच. तिला मोटारीची कधी भीती वाटली नव्हती. पितृपक्षात स्वतःच हट्टाने मारुतीच्या पारापर्यंत बसून आली होती. त्याच दिवशी काय मनात आलं तिच्या, मला अजून कळत नाही.

दाजींनी मला विचारलं, "किती येळ लागंल?"

तेल भरायचंय फक्त, एक तास, असं मी म्हणालो. तासाने निघाली तरी मोटार दमणीला निम्म्या वाटेत मागे टाकेल हे सगळ्यांनाच माहीत. दाजींनी बैल सोडायला सांगितले.

मी मोटार ठेवलेल्या पडवीचं दार आतून लावून घेतलं. बेअरिंग घासायला घेतलं तर घासावंच लागतं, उरकता येत नाही. मध्येच सोडून चेंबर चढवलं असतं तर कोसभरात इंजिन जाम झालं असतं. मी गाडीखाली उताणा पडून काम करत होतो. आतून आक्काचा आवाज येत होता आणि मी तो ऐकू येऊ नये म्हणून घासलेटाच्या डब्यावर हातोडी आपटत होतो. दाजी दोनदा दारावर येऊन गेले. "झालंच," मी म्हणालो. "आलंच."

दिवेलागणीला ते तिसऱ्यांदा आले नाहीत. बाहेर बैलांच्या घुंगुरमाळा वाजल्या तेव्हा मी दार उघडलं. आक्काला बाजेसकट उचलून दमणीकडे आणत होते. माझ्याजवळ आल्यावर तिने हात केला, सगळे थांबले. चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्या काळ्या हातांकडे बघून ती म्हणाली, "मोहन्या, दुपारपून उपाशीच हायस ना. आदी हात धू. जेव."

दाजींनी दमणीच्या दांडीवर पाय ठेवला. "तुमी मागून या मोहनराव. वाटंत गाठा आमाला."

मी रात्रभर काम केलं. एवढं मन लावून मी जन्मात काम केलं नाही. मोठ्या बाई कंदील धरून बसल्या होत्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. मध्ये मध्ये विचारायच्या, "झालं का रे?" पहाटे चेंबर चढवलं, नवं एरंडेल भरलं आणि हँडल मारलं.

कसं चाललं ते इंजिन. ठोका नाही, धूर नाही, आवाज गोळीबंद. वेशीबाहेर पडलो तेव्हा तांबडं फुटत होतं. सडकेने गाडी नुसती वाहत होती, आणि मला रडू आलं ते आनंदाने. आता गाठतोच, आता आक्काला उचलून शेजारी बसवतो, एवढंच डोक्यात होतं.

ऊन कोवळं असतानाच समोरून दमणी येताना दिसली. माझ्याकडे तोंड करून. मला वाटलं, वाटेतच बाळंत होऊन सुखरूप परत निघाली. मी भोंगा वाजवला. दोनदा वाजवला. दाजी बैलांपुढे पायी चालत होते, डोक्याला पटका नव्हता. जवळ आल्यावर दिसलं, बैलांच्या गळ्यातल्या माळा काढलेल्या होत्या. आत दगडाबाई तोंडावर पदर घेऊन बसली होती, आणि तिच्या मांडीशी पांढरं वस्त्र पायापासून डोक्यापर्यंत ओढलेलं. निम्मीसुद्धा वाट झाली नव्हती. लेकरू पोटातच राहिलं.

दाजींनी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं.

"झाली का तयार," ते म्हणाले. एवढंच.

अश्विन वद्य ६

रहीम आला होता. माझ्याकडे न येता आधी दाजींजवळ बसला, रडला. मग पडवीत आला. मोटार उभी होती. त्याने खाली वाकून चेंबरचे नट बघितले.

"नवमीला दुपारी ही खुली व्हती."

मी फडकं घेऊन बॉनेट पुसू लागलो.

"दमणी जुंपलेली सोडली म्हनतेत. ती कावून सोडू दिलीस? येक बोल बोलायचा व्हता रे. गाडी खुली हाय. बस. येवढाच."

मी म्हणालो, मला कुणी विचारलं नाही. मी तासाचं काम समजलो होतो. चूक झाली ती तेलाची झाली. जुनं तेल काढून टाकलं असतं तर काहीच झालं नसतं, आणि ते मी कुठे नाकारतोय. शेवटी इंजिन चाललंच की नाही?

रहीमने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या ओळखीचाच नाही. "बाजीचं मीठ खाल्लंय म्हनून देशमुखाला सांगत न्हाई," तो म्हणाला. "दुखात आनखी दुख कशाला घालू. पर बीडला आलास तर माज्या दारी नगं येऊ." भाकरी न खाता गेला.

मोठ्या बाईंनी देवघरात पाऊल टाकायचं सोडलंय. दारातूनच हात जोडतात आणि मागे फिरतात. पायात वहाण घालत नाहीत, एक वेळ जेवतात, तेही नुसतं ज्वारीचं कोरडं. काल बायकांत बसून सांगत होत्या की पूजेतलं हत्यार मी उचललं, नवमीचं. मला वाटलं देवी माझ्यावर कोपेल, मी म्हातारी, माझं काय. तिने पोटुशीला नेलं. बायका त्यांची समजूत घालत होत्या आणि मनातून त्यांनाही ते पटत होतं, ते दिसत होतं. दगडाबाई तेवढी कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती.

मोठ्या बाईंना सांगायला हवं. हत्यार उचललं म्हणून काही झालं नाही, उलट आदल्या रात्री ती मी तुमच्या हाती द्यायलाच नको होती. उद्या सांगेन.

अश्विन वद्य ९
मुक्काम चौसाळा

सांगितलं नाही. वडगाव सुटलं.

परवा दाजींनी बोलावलं. मला वाटलं, कळलं. ते आक्काच्या पेटीजवळ बसले होते. म्हणाले, "मोटार मला डोळ्यांपुढं नगं. इकावी म्हनलं तर ते पैसं घरात आनवत न्हाईत. तुमी घेऊन जा. त्या दिशी या घरात तिच्यासाठी हात चालवत बसल्याले तुमीच येकटे. मी नुसता दारं वाजवत व्हतो." मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पुरुषाने रडू नये तसे रडले. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला कुठे जायला जागा नव्हती, आणि मोटारीवर पोट भरता येईल असा विचार मनात येऊन गेला. आलेला लिहितो.

आज सकाळी निघालो. दाजी पायरीवर उभे होते. मोठ्या बाई अनवाणी खाली आल्या. इतक्या दिवसांत त्या एवढ्या वाळल्यात की लुगडं अंगावर ठरत नाही.

"मोहन," त्या म्हणाल्या, "तुजी आक्का मी घालवली रे. तू सांगत व्हतास, नवमी हाय म्हनून. मी ऐकलं न्हाई. माज्या हातानं हत्यार उचललं. पोरा, मला माफी दे."

मी तोंड उघडलं होतं. सगळे शब्द तयार होते. दाजी बघत होते, गाडीवान बघत होता, आणि मोटार माझ्या मागे पुसूनबिसून उभी होती.

"देवीची इच्छा, बाई," मी म्हणालो. "तुम्ही तरी काय करणार."

त्या वाकल्या आणि माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. मग त्या भिंतीला धरून उठल्या आणि बाजूला झाल्या. मी हँडल मारलं आणि मोटार लगेच सुरू झाली.